आशा, विषाद आणि साध्यासाध्यविचार

रुग्णपरीक्षण संपते, पथ्यापथ्य सांगून होते, औषधाच्या पुड्या बांधल्या जातात आणि उठता उठता रुग्ण विचारतो, "वैद्यराज, पूर्ण बरं वाटेल ना?" थोड्या वेळाने सोबत आलेला मुलगा एकटाच परत आत येतो आणि आवाज उतरवून विचारतो, "खरं काय ते सांगा. आशा आहे ना?" प्रश्न दोन, विचारणारेही दोन, उत्तर मात्र एकाच वैद्याने द्यायचे असते. आशावाद, निराशावाद आणि वास्तववाद यांची चर्चा तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत होते, व्यक्तिमत्त्वविकासाच्या व्याख्यानांत तर ती फारच होते. परंतु या तीन दृष्टींपैकी एकीची निवड चिकित्सकाला दिवसातून अनेक वेळा करावी लागते, आणि त्या निवडीचे परिणाम दुसऱ्याच्या शरीरावर होतात.

व्याख्यानांतला तो अर्धा भरलेला पेला आता सर्वांना पाठ झाला आहे. आयुर्वेदाच्या अभ्यासकाने त्या पेल्याकडे पाहून एवढेच विचारावे की त्यात आहे काय, तो कोणाला प्यायचा आहे, त्याचा अग्नी कसा आहे आणि ऋतू कोणता चालू आहे. भरलेला की रिकामा हा वाद त्यानंतरचा. विनोद सोडला तरी आपल्या संहितांची या विषयाकडे पाहण्याची रीत नेमकी अशीच आहे. त्या वैद्याला आशावादी हो असे सांगत नाहीत, निराश होऊ नको असेही नुसते सांगत नाहीत. त्या त्याला परीक्षा करायला सांगतात.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील महाचतुष्पाद हा दहावा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत वाचलेला असतो. परीक्षेत त्यावर साध्यासाध्यतेच्या प्रकारांचा प्रश्न येत असल्याने अध्यायाच्या आरंभीचा संवाद घाईघाईने ओलांडला जातो. वस्तुतः निराशावादाची इतकी तर्कशुद्ध मांडणी वैद्यकीय वाङ्मयात क्वचितच सापडेल. आधीच्या अध्यायात भिषक, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चार पाद आणि त्यांचे सोळा गुण सांगून झालेले आहेत. त्यावर मैत्रेय आक्षेप घेतो. उत्तम परिचारक, पुरेशी साधने आणि निष्णात वैद्य लाभलेले काही आतुर बरे होतात, तसेच काही मरतातही. ज्यांना यातले काहीच लाभले नाही असेही काही बरे होतात आणि काही मरतात. मग चिकित्सेने फरक तो काय पडला? खड्ड्यात किंवा सरोवरात ओतलेले ओंजळभर पाणी, वाहत्या नदीत किंवा धुळीच्या ढिगावर टाकलेली मूठभर धूळ, तशी ही चिकित्सा; केली काय आणि न केली काय, सारखीच.

हा आक्षेप मूर्खाचा नाही. दीर्घकाळ व्यवसाय केलेल्या प्रत्येक चिकित्सकाच्या मनात, विशेषतः एखादा रुग्ण हातचा गेल्यानंतर, मैत्रेय एकदा तरी बोलून जातो. म्हणून आत्रेयांचे उत्तर लक्षपूर्वक वाचण्याजोगे आहे. ते मैत्रेयाला धीर देत नाहीत, चिकित्सेचा महिमाही गात नाहीत. ते त्याने एकत्र केलेल्या रुग्णांना वेगळे करतात. चिकित्सा मिळूनही जे मेले त्यांचे व्याधी चिकित्सेने बरे होण्याजोगे नव्हते. सर्वच व्याधी उपायसाध्य नसतात आणि मुमूर्षूला उठवणे ज्ञानी वैद्यालाही शक्य नसते. चिकित्सेवाचून जे बरे झाले त्यांनाही चिकित्सेने विशेष लाभ झाला असता. पडलेला मनुष्य स्वतः उठण्यास समर्थ असला तरी कोणी हात दिला तर तो लवकर आणि कष्टावाचून उठतो. मग ते धनुर्धराचा दृष्टांत देतात. नित्य अभ्यास असलेला तिरंदाज फार दूर नसलेल्या, मोठ्या लक्ष्यावर बाण सोडतो तेव्हा तो चुकत नाही. लक्ष्य फार दूर नसावे ही अट दृष्टांतात सहज घातलेली वाटते, पण सगळा वास्तववाद त्या अटीत आहे. तिरंदाजाचे कौशल्य बाण मारण्यात जितके, तितकेच अंतर ओळखण्यात असते.

अंतर ओळखण्यासाठीच पुढे साध्यासाध्यतेचे वर्गीकरण येते. साध्याचे दोन प्रकार, सुखसाध्य आणि कृच्छ्रसाध्य; असाध्याचे दोन, याप्य आणि प्रत्याख्येय. यातील याप्य हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि व्यवहारात सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याचविषयी असतात. याप्य हा असाध्याचा प्रकार आहे, हे आपण विसरतो आणि रुग्णाला तर ते कधी सांगितलेलेच नसते. व्याधी समूळ जाणार नाही, परंतु पथ्य आणि औषध चालू असेतो रुग्ण जगेल, कामधंदा करील, सुखही भोगील. थोड्या कारणानेही व्याधी उसळेल. सुश्रुतांनी यासाठी कोसळू पाहणाऱ्या घराला नीट लावलेल्या टेकूची उपमा दिली आहे. टेकू घर दुरुस्त करत नाही, पण टेकू आहे तोवर घरात माणसे राहतात. काढला तर काय होते हे वेगळे सांगावयास नको.

प्रमेहाचे उदाहरण घेऊ. वीस प्रमेहांपैकी कफज दहा साध्य, पित्तज सहा याप्य आणि वातज चार असाध्य, अशी चरकांची विभागणी आहे. बीजदोषाने आलेला, कुलज प्रमेहही असाध्यच मानला आहे. एकाच व्याधीच्या नावाखाली तीन निरनिराळी भवितव्ये येथे नोंदवलेली आहेत. "मधुमेह बरा होतो का?" या प्रश्नाला 'होतो' असे सांगणारा आशावादी आणि 'कधीच नाही' असे सांगणारा निराशावादी, दोघेही प्रश्न न तपासता उत्तर देतात. स्थूल, मध्यमवयीन, नुकतेच निदान झालेला रुग्ण आणि लहान वयात झपाट्याने कृश झालेला रुग्ण यांना एकच उत्तर असू शकत नाही. तमक श्वासाविषयीही चरक असेच बोलतात : तो याप्य आहे, परंतु नवीन असेल तर साध्य होऊ शकतो. काळ हा येथे लक्षणाइतकाच महत्त्वाचा घटक आहे. सुश्रुत तर स्पष्ट बजावतात की उपचार न करणाऱ्याचे साध्य व्याधी याप्य होतात, याप्य असाध्य होतात आणि असाध्य प्राण घेतात. अवास्तव आशा आणि अकाली निराशा या दोहोंमुळे वेळ वाया जातो आणि रुग्ण या उतरंडीवरून एक पायरी खाली येतो.

उतरंड उलट दिशेनेही चढता येते, हे मात्र आपण वैद्यकाच्या अलीकडच्या इतिहासातून शिकले पाहिजे. बालवयातील मधुमेह १९२२ पूर्वी जवळजवळ निश्चित मृत्यूचे कारण होता. त्या वर्षीच्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन देण्यात आले आणि एक प्रत्याख्येय व्याधी याप्य झाला. साध्य नव्हे, याप्य. सुश्रुतांचा टेकू येथे शब्दशः दिसतो : इन्सुलिन चालू आहे तोवर घर उभे. साध्यासाध्यतेचा निर्णय व्याधीवर अवलंबून असतो तसा चार पादांवरही अवलंबून असतो आणि द्रव्य हा त्यांतील एक पाद आहे. नवे द्रव्य आले की निर्णय पुन्हा करावा लागतो. ग्रंथात असाध्य म्हटले म्हणून आजही हात टेकणे ही ग्रंथनिष्ठा नव्हे. आणि याच न्यायाने, इन्सुलिनवर जगणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना "आमच्या काढ्याने सुई सुटेल" असे आश्वासन देणे हा आशावाद नव्हे. तो टेकू काढण्याचा सल्ला आहे. अशा मुलाचे इन्सुलिन बंद झाले तर काही दिवसांत प्राणावर बेतते. कोणत्याही पद्धतीच्या चिकित्सकाला याबाबत मतभेदाला जागा नाही.

आता निदानातील चुकीकडे वळू. इंद्रियस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात चरक फूल आणि फळाचा दृष्टांत घेतात. फुलावरून येणारे फळ कळते तसे अरिष्टावरून येणारे मरण कळते. मग ते म्हणतात की एखादे फूल फळावाचून गळेल, एखादे फळ फुलावाचून येईल. अरिष्ट मात्र मरणावाचून नसते आणि मरण अरिष्टावाचून नसते. विधान इतके निरपवाद आहे की आजचा वाचक दचकतो. पण लगेच एक पुरवणी आहे. अरिष्ट नसलेल्या लक्षणाला अरिष्ट समजणे आणि असलेले अरिष्ट न ओळखणे, या दोन्ही गोष्टी प्रज्ञापराधातून घडतात. पहिली चूक निराशावाद्याची, दुसरी आशावाद्याची. संहितेने दोघांना एकाच दोषाखाली बसवले आहे. आपल्याकडे निराश वैद्याला लोक नावे ठेवतात आणि फाजील आशा दाखवणाऱ्याला 'धीर देणारा' म्हणून गौरवतात. शास्त्राला हा पंक्तिप्रपंच मान्य नाही. सुश्रुतांनी अरिष्ट ध्रुव मानूनही रसायन, तप आणि जप यांत रत असलेल्यांकडून ते टळू शकते असा उल्लेख केला आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. दार पूर्ण बंद करताना तेही थोडे थांबले आहेत.

या दोन चुकांपैकी चिकित्सकाकडून कोणती अधिक होते? निकोलस क्रिस्टाकिस आणि एलिझाबेथ लॅमाँट यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या प्रश्नाला सरळ भिडतो. अमेरिकेतील शिकागो येथील, अंतिम अवस्थेतील रुग्णांची सेवा करणाऱ्या पाच केंद्रांत ३४३ डॉक्टरांनी ४६८ रुग्णांच्या उरलेल्या आयुष्याचा अंदाज दिला आणि तो प्रत्यक्षाशी ताडून पाहण्यात आला. फक्त २० टक्के अंदाज बरोबर निघाले. ६३ टक्के अंदाज फाजील आशावादी होते आणि १७ टक्के फाजील निराशावादी. एकूण पाहता डॉक्टरांनी आयुष्य पाच पटींहून अधिक वाढवून सांगितले होते. मला सर्वांत विचार करायला लावणारा भाग पुढचा आहे : डॉक्टर आणि रुग्ण यांचा परिचय जितका जुना, तितका अंदाज अधिक चुकीचा. आपण पिढ्यान्पिढ्यांचे कुटुंबवैद्य आहोत याचा आपल्याला अभिमान असतो आणि तो रास्तही आहे. पण ज्या घरी आपण सणाला जेवायला जातो, त्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे अरिष्ट आपल्याला उशिरा दिसते. अशा वेळी एखाद्या परक्या वैद्याला दाखवून घेणे हे कमीपणाचे मानू नये.

निदान झाले, निर्णय मनाशी ठरला. आता सांगण्याचा प्रश्न उरतो. जाणणे आणि सांगणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, हे संहितांनी फार स्पष्टपणे ओळखले आहे. इंद्रियस्थानाच्या अखेरच्या अध्यायात चरक सांगतात की मृत्यूची चिन्हे दिसली तरी वैद्याने न विचारता ती बोलून दाखवू नयेत. विचारले असताही, ज्या ठिकाणी ते सांगणे रुग्णाला किंवा दुसऱ्या कोणाला आघात करणारे ठरेल, तेथे सांगू नये. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात गुरू शिष्याला जे आचारनियम सांगतो त्यांतही हीच ताकीद आहे. या वचनांचा आधार घेऊन कित्येक जण रुग्णाला खोटे सांगण्याचे समर्थन करतात. मला ते पटत नाही. न सांगण्याची अनुज्ञा आहे, असत्य सांगण्याची नाही. शिवाय अनुज्ञेला अट आहे, ती आघाताची. जो गृहस्थ आपले व्यवहार मार्गी लावावेत, धाकट्या मुलीचे लग्न पाहावे, दूर असलेल्या भावाला भेटून घ्यावे अशा विचाराने स्वतःहून स्पष्ट विचारतो, त्याला अंधारात ठेवणे हाच आघात होय. आज रुग्णाला आपल्या प्रकृतीची माहिती मिळण्याचा हक्क मानला जातो. चरकांच्या वचनाचा तो विरोध करतो असे वरवर वाटते, पण अटीसकट वाचल्यास दोहोंत फारसे अंतर राहत नाही.

सत्य कळले की रुग्ण खचतो, ही भीती कितपत खरी आहे? अग्र्यद्रव्यांच्या यादीत चरकांनी विषाद हा रोग वाढवणाऱ्या गोष्टींत अग्रस्थानी ठेवला आहे, त्यामुळे भीती निराधार म्हणता येणार नाही. परंतु रुग्णाच्या चार गुणांत त्यांनी आशा हा गुण सांगितलेला नाही. सांगितला आहे तो अभीरुत्व, न भिणे. सोबत स्मृती, निर्देशकारित्व आणि ज्ञापकत्व. न भिण्यासाठी समोर काय आहे ते ठाऊक असावे लागते. ज्याला काही सांगितलेलेच नाही तो निर्भय नसतो, तो केवळ अनभिज्ञ असतो, आणि घरातल्यांचे चेहरे पाहून बहुधा तोही फार काळ राहत नाही. बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे उपयोगी पडतो. ज्यांना नेहमीच्या उपचारांसोबत आरंभापासूनच वेदनाशामक सेवेची, म्हणजे लक्षणे शमवणारी आणि पुढील वाटचालीविषयी मोकळेपणाने बोलणारी सोबत मिळाली, त्यांच्यात विषादाची लक्षणे कमी आढळली. त्यांचे मध्यक आयुर्मान ११.६ महिने भरले. केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे ८.९ महिने. शेवटच्या दिवसांत आक्रमक उपचार त्यांनी कमी घेतले होते, तरीही.

आकडा सांगतानाही कसा सांगावा याला महत्त्व आहे. अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ साली उदरावरणाचा एक दुर्धर कर्करोग झाल्याचे निदान झाले. ग्रंथालयात जाऊन त्यांनी वाचले, तर या व्याधीत मध्यक आयुर्मान आठ महिने. सामान्य माणूस त्याचा अर्थ 'मी आठ महिन्यांत जाणार' असा घेतो. गूल्ड यांनी अर्थ घेतला तो असा : निम्मे रुग्ण आठ महिन्यांत जातात, म्हणजे निम्मे त्याहून अधिक जगतात, आणि त्या दुसऱ्या निम्म्यांतील काही फार वर्षे जगतात. आपले वय, व्याधीची अवस्था आणि उपलब्ध उपचार पाहता आपण त्या दुसऱ्या गटात असू शकतो, असे त्यांनी गणिताने ठरवले. त्यानंतर ते वीस वर्षे जगले आणि २००२ साली दुसऱ्याच एका कर्करोगाने गेले. आकडा एकच होता. सरासरी रुग्ण नावाचा मनुष्य कोणाच्याच चिकित्सालयात येत नाही, हे प्रकृती-सत्त्व-सात्म्य पाहणाऱ्या आपल्याला तरी नवीन नसावे.

प्रत्याख्येय रुग्णाविषयी संहितेचा सल्ला कठोर आहे. असाध्याची चिकित्सा करणाऱ्या वैद्याच्या धनाची, विद्येची आणि यशाची हानी होते, असे महाचतुष्पादातच म्हटले आहे. वैद्यवृत्तीच्या चार अंगांत, पीडितांविषयी मैत्री आणि कारुण्य, साध्याविषयी प्रीती आणि मरणोन्मुखाविषयी उपेक्षा सांगितली आहे. या उपेक्षेचा अर्थ वाऱ्यावर सोडणे असा घेऊ नये, असे माझे मत आहे. बरे करण्याचा हट्ट सोडणे, एवढाच तिचा अर्थ मला दिसतो. मैत्री आणि कारुण्य आर्तांसाठी सांगितले आहे आणि मरणारा मनुष्य आर्त नसतो असे कोण म्हणेल? मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली शांती आवेदना हे देशातील पहिले मरणासन्न रुग्णांचे सेवाकेंद्र सुरू झाले. तेथे कर्करोग बरा होईल असे कोणी सांगत नाही. वेदना शमेल, जखम धुतली जाईल, कोणीतरी जवळ असेल, या आशा मात्र तेथे रोज पुऱ्या होतात. आपल्या चिकित्सालयातही मुखपाक शमवणे, मल सुटा होणे, शय्याव्रण टाळणे, दोन तास सलग झोप लागणे, यांसाठी आपल्याजवळ पुष्कळ काही आहे. "आता काही उपाय नाही" हे वाक्य त्यामुळे बहुतेक वेळा वास्तवालाही धरून नसते.

औषधालयांच्या चालकांना हा सर्व विचार वैद्यांचा आहे असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात अनेक रुग्ण वैद्याकडे येण्याआधी दुकानाच्या फळीशी येतात. कोणाच्या तरी सांगण्यावरून आलेला ग्राहक वसंतकुसुमाकराची डबी हातात घेऊन विचारतो, "शेठ, याने शुगर कायमची जाईल ना?" त्या क्षणी दुकानदार साध्यासाध्यतेचा निर्णय देत असतो, त्याची इच्छा असो वा नसो. मान डोलावली की निर्णय झाला. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ च्या अनुसूचीत चोपन्न विकार आहेत; मधुमेह, कर्करोग, पक्षाघात, अपस्माराचे झटके हे त्यांत येतात. त्यांवरील हमखास उपायाची जाहिरात करण्यास कायद्याने मनाई आहे, मग ती वर्तमानपत्रात असो वा दुकानातल्या फलकावर. कायद्याचे भय बाजूला ठेवले तरी व्यापाराचे गणितही हेच सांगते. 'कायमची जाईल' या शब्दावर विकलेली डबी एकदाच खपते. 'साखर आटोक्यात राहायला मदत होते, चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, महिन्याने तपासून या' असे ऐकून गेलेला ग्राहक पुन्हा येतो. याप्य व्याधीचा रुग्ण हा वर्षानुवर्षांचा रुग्ण असतो, हे तर आपल्या धंद्याला ठाऊक असायला हवे.

वैद्यमित्रांसाठी एक व्यवहार्य सूचना आहे. रुग्णपत्रकावर निदान आणि चिकित्सा आपण लिहितो. साध्यासाध्यतेचा रकाना बहुधा कोरा राहतो किंवा छापलेलाच नसतो. पहिल्याच दिवशी तेथे एक शब्द लिहावा आणि त्यापुढे कालावधी : सुखसाध्य, तीन सप्ताह, कृच्छ्रसाध्य, सहा मास, याप्य, आजीवन पथ्य. रुग्णाला काय सांगितले तेही त्याच ओळीत लिहावे, कारण या दोन नोंदी पुष्कळदा वेगळ्या असतात. वर्षाअखेर दिवाळीनंतर, जेव्हा चिकित्सालयात थोडी उसंत असते, तेव्हा पन्नास पत्रके काढून लिहिलेले आणि घडलेले शेजारी शेजारी मांडावे. कोणत्या व्याधीत आपण नेहमी वेळ कमी सांगतो आणि कोणत्या रुग्णांच्या बाबतीत आपला हात 'याप्य' लिहिताना अडखळतो, ते त्या पन्नास कागदांवरून एका दुपारी कळते.